इंग्रजी स्वरांसाठी आपले अर्धचंद्र वापरावेत

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

विषय : मुलांच्या पानावरील इंग्रजी शब्दांचे उच्चार

आपल्या दैनिकात दर रविवारी मुलांच्या पानावर दहा इंग्रजी शब्द, त्यांचे अर्थ आणि देवनागरीत त्यांचे उच्चार अशी एक चौकट प्रसिद्ध होते. इंदुरात मराठी वाचणारी मुले आधीच थोडी, आणि त्यांच्यासाठी कोणी एवढा मजकूर आवर्जून छापते याचे मला मनापासून कौतुक वाटते. चौथीतल्या नातवाला जवळ बसवून मी ती चौकट त्याच्याकडून मोठ्याने वाचून घेते. परंतु गेल्या काही आठवड्यांत तिच्यात 'बैट', 'मैन', 'कैप' असे उच्चार छापून आले आणि एकदा 'कॉट'च्या जागी 'कोट' आले. या चुका छपाईच्या नाहीत. मजकूर हिंदीतून घेताना हिंदीची लेखनपद्धतीही मराठीत जशीच्या तशी उतरली आहे. मी एकतीस वर्षे इंदूरच्या शाळांतून इंग्रजी शिकवले आणि एवढ्याशा गोष्टीने मुलांचे किती नुकसान होते ते जवळून पाहिले, म्हणून हे पत्र जरा विस्ताराने लिहीत आहे.

नातू इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जातो. मागच्या महिन्यात त्याची डिक्टेशनची वही पाहिली, तर दहापैकी चार शब्दांवर लाल फुल्या होत्या. 'बॅड'ला त्याने बी-ई-डी लिहिले होते, 'मॅन'ला एम-ई-एन, 'सॅट'ला एस-ई-टी, आणि 'पेन'ला मात्र पी-ए-एन. पाठांतर कमी पडले, असे त्याच्या आईचे म्हणणे पडले. मी त्याला तेच शब्द मोठ्याने म्हणायला सांगितले, तेव्हा खरा उलगडा झाला. 'बॅड' आणि 'बेड' असे दोन शब्द त्याच्या तोंडी नव्हतेच, दोन्ही वेळा तो 'बेड'च म्हणत होता. जो फरक कानाला लागलेला नाही तो हाताने कसा लिहिला जाणार? मी वहीच्या मागच्या पानावर 'बॅग' आणि 'बेग' असे शेजारी शेजारी लिहिले. आमची सून नाशिकची. शाळेला निघताना ती त्याला रोज "बॅग घेतलीस का?" असे विचारते. तो थोडा वेळ दोन्ही शब्दांकडे पाहत राहिला आणि अर्धचंद्रावर बोट ठेवून म्हणाला, "ही आईची बॅग. मी म्हणतो ती दुसरी." मग मी त्याला हनुवटीखाली पालथा हात धरून दोन्ही शब्द म्हणायला लावले. 'बेग' म्हणताना हनुवटी फारशी हलत नाही, 'बॅग' म्हणताना ती हाताला खाली ढकलते. त्या दिवशी जेवायला बसेपर्यंत त्याचा हात हनुवटीखालून निघाला नाही, 'मॅन-मेन', 'पॅन-पेन' चालूच होते.

हा दोष त्या मुलाचा नाही, शाळेचाही पूर्णपणे नाही. आपण माळव्यात राहतो आणि माळव्याच्या बोलीत 'पैसा'चा 'पेसा' होतो, 'कैसे हो'चे 'केसे हो' होते, 'और'चा 'ओर' होतो. इथल्या गोडव्याचा तो भाग आहे आणि मला तो मनापासून आवडतो. पण इंग्रजीतला 'बी-ए-टी' हा शब्द हिंदीत 'बैट' असा लिहितात, कारण प्रमाण हिंदीत 'ऐ' हा स्वर तोंड उघडून, 'ॲ'च्या जवळपास उच्चारला जातो. हिंदीपुरते ते योग्यच आहे. तोच 'बैट' इंदूरच्या मुलाने वाचला की त्याचा 'बेट' होतो आणि पुण्याहून आलेल्या पाहुण्याने वाचला की 'बइट' होतो, कारण मराठीत 'ऐ' म्हणजे 'अइ'. म्हणजे मराठी वर्तमानपत्रात 'बैट' छापल्याने खरा उच्चार कोणालाच मिळत नाही. 'ऑ'चेही तेच. त्याचा अर्धचंद्र चढवायचा राहिला की 'डाक्टर', 'कालेज', 'हाट' हेच मुलाच्या कानात पक्के बसते.

आणि हे दोन्ही स्वर लिहिण्याची सोय मराठीने केव्हाच करून ठेवलेली आहे. महाराष्ट्र शासनाने २००९ साली प्रमाणित केलेल्या वर्णमालेत 'ॲ' आणि 'ऑ' यांना स्वरांच्या पंक्तीत स्थान दिलेले आहे. हिंदीने 'ऑ' घेतला, 'ॲ' घेतला नाही. इंदूरच्या मराठी मुलाच्या घरात मात्र दोन्ही आहेत आणि त्याला ते कोणी सांगत नाही, कारण शाळेत तो देवनागरी शिकतो ती हिंदीची. आपल्या चौकटीने एवढे एक काम नेमाने केले, तर ते फार मोठे होईल.

आता मूळ अडचणीकडे वळते. इंग्रजीत स्वरांची अक्षरे पाच, गरजेला वाय धरला तर सहा, आणि स्वर मात्र दक्षिण इंग्लंडच्या प्रमाण उच्चारात साधारण वीस मोजले जातात, बारा साधे आणि आठ संयुक्त. पाच अक्षरांवर वीस स्वरांचा भार आहे, म्हणून एकेका अक्षराला चार-चार कामे करावी लागतात. एकट्या 'ओ'चे पाहा : 'हॉट'मध्ये ऑ, 'होप'मध्ये ओ, 'सन' म्हणजे मुलगा या शब्दात अ, 'मूव्ह'मध्ये ऊ, 'वुल्फ'मध्ये उ आणि 'विमेन'मध्ये चक्क इ. मुलांना आपण शिकवतो की 'ए म्हणजे अ, ई म्हणजे ए', आणि दुसऱ्याच पानावर तो नियम मोडतो. मग मूल नियम शोधायचे सोडून देते आणि स्पेलिंग फोननंबरासारखे पाठ करू लागते. माझ्या मते सर्वांत मोठे नुकसान हेच आहे.

नियम दाखवायला लांब जावे लागत नाही, आपल्या गावाचे नाव पुरते. मराठीत इंदूर, हिंदीत इंदौर, आणि इंग्रजीत आय-एन-डी-ओ-आर-ई. तो शेवटचा 'ई' कोणी उच्चारत नाही. मग तो आहे कशाला? 'मोर', 'स्टोर', 'शोर' या इंग्रजी शब्दांत तो ज्यासाठी आहे त्यासाठीच : आधीचा 'ओ' लांबवायचा, हे सांगण्यासाठी. लाहोर, वेल्लोर, मैसूर आणि बंगळूर यांची जुनी इंग्रजी स्पेलिंगे याच साच्यात घातलेली आहेत. हाच मुका 'ई' 'हॉप'चा 'होप' करतो, 'कॅप'चा 'केप' करतो, 'बिट'चा 'बाइट' करतो. शेजारचे महू घ्या. एम-एच-ओ-डब्ल्यू हे स्पेलिंग इंग्रजांनी 'काऊ', 'नाऊ'च्या धर्तीवर केले, आणि आपली मुले 'स्नो', 'लो' आठवून ते 'म्हो' असे वाचतात. पुण्याच्या गाडीवर पी-यू म्हणजे 'पु' आणि पंजाबच्या नावात तोच पी-यू म्हणजे 'प', कारण पंजाब लिहिताना इंग्रजाने 'कट', 'बस' यांतला आपला 'यू' वापरला. पुण्याला त्याने 'उ'साठी दोन 'ओ' घालून पूना केले होते, आजचे स्पेलिंग रोमन अक्षरांच्या दुसऱ्या, सरळ पद्धतीचे आहे. रेल्वे स्थानकावर मुलाला घेऊन उभे राहिले की हा सगळा धडा फलकांवर लिहिलेला सापडतो.

हा गोंधळ कोणी मुद्दाम केलेला नाही, त्याला इतिहास आहे, आणि तो थोडक्यात सांगितला तर दहा वर्षांच्या मुलालाही कळतो, हे मी वर्गात पाहिले आहे. साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजीतले सगळे दीर्घ स्वर जागचे हलले. जीभ एकेक पायरी वर चढली, आणि ज्यांना वर जागाच उरली नव्हती त्या 'ई' आणि 'ऊ'चे तुकडे होऊन 'आइ' आणि 'आउ' झाले. आज आपण 'नेम' म्हणतो त्या शब्दात पूर्वी आपल्या 'नाम'मधला दीर्घ 'आ' होता. 'माउस'चा उच्चार 'मूस' होता, म्हणजे आपल्या मूषकाच्या किती जवळ! 'टाइम'चा 'टीम'सारखा, 'मून'चा 'मोन'सारखा. स्वरांच्या अक्षरांची नावेसुद्धा याच लाटेत बदलली. पहिल्या अक्षराला इंग्रजीतही तेव्हा 'आ'च म्हणत आणि युरोपातल्या बहुतेक भाषा अजूनही तसेच म्हणतात, फक्त इंग्रजीत त्याचे 'ए' झाले, 'ए'चे 'ई' झाले आणि 'ई'चे 'आय' झाले. हे स्थित्यंतर चालू असतानाच १४७६ साली विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला आणि पुढे छापखान्यांमुळे स्पेलिंग हळूहळू गोठत गेले. १७५५ साली सॅम्युअल जॉन्सनचा कोश आला तोवर लेखन बरेचसे ठरून गेले होते. उच्चार पुढे गेला आणि अक्षरे मागच्या मुक्कामावर राहिली.

'सन', 'लव्ह', 'मंक', 'टंग', 'वंडर' या शब्दांत 'अ' ऐकू येतो आणि लिहायला मात्र 'ओ', याचे कारण तर सुलेखनातले आहे. या शब्दांत मुळात 'यू' होता. पण मध्ययुगीन लेखनिकांच्या वळणात यू, एन, एम, व्ही, डब्ल्यू ही सगळी अक्षरे सारख्याच आखूड उभ्या रेघांची बनत. अशी दोन-तीन अक्षरे लागोपाठ आली की नुसते कुंपण दिसे आणि कोणती रेघ कोणत्या अक्षराची ते कळत नसे. म्हणून अशा अक्षरांच्या शेजारचा 'यू' बदलून ते वाटोळा 'ओ' काढू लागले. मी फळ्यावर बारा उभ्या रेघा काढून 'यातला शब्द ओळखा' असे विचारायची. हे एकदा डोळ्यांनी पाहिलेल्या मुलींनी 'सन'चे स्पेलिंग पुन्हा चुकवले नाही.

जोड 'ओ'चेही असेच. 'मून', 'गुड', 'ब्लड' या तीन शब्दांत तेच दोन 'ओ' आणि तीन वेगळे स्वर! पण हे तिन्ही एकाच घरातून निघालेले आहेत. तिघांतही मुळात दीर्घ 'ओ' होता, तिघांतही त्याचा 'ऊ' झाला. 'मून', 'फूड' तिथेच थांबले. 'ब्लड', 'फ्लड' यांतला 'ऊ' लवकर आखडला आणि 'कट'मधल्या 'उ'बरोबर पुढे 'अ' झाला. 'गुड', 'बुक', 'फुट' यांतला उशिरा आखडला, म्हणून तो 'उ'वरच राहिला. 'मीट' म्हणजे भेटणे आणि 'मीट' म्हणजे मांस यांची स्पेलिंगे वेगळी आहेत, कारण ते उच्चारही एके काळी वेगळे होते.

मराठी माणसाला याहून जवळचा एक दाखला आहे आणि तो मला फार मोलाचा वाटतो. आपण मूल म्हणतो आणि प्रत्यय लागला की मुलाला म्हणतो, वकीलचे वकिलाला होते, गरीबचे गरिबाला होते. शब्द वाढला की आतला दीर्घ स्वर ऱ्हस्व होतो. इंग्रजीतल्या 'वाइज-विज्डम', 'चाइल्ड-चिल्ड्रन' या जोड्याही पूर्वी निव्वळ दीर्घ 'ई' आणि ऱ्हस्व 'इ' यांच्याच जोड्या होत्या. स्वर जागचे हलले तेव्हा फक्त दीर्घ हलले, ऱ्हस्व जागेवर राहिले, म्हणून 'ई'चा 'आइ' झाला आणि त्याचा जोडीदार 'इ'च राहिला. मूल-मुलाला ज्याला कळते त्याला 'चाइल्ड-चिल्ड्रन' समजायला वेळ लागत नाही.

मात्र याच नियमामुळे आपल्या मुलांची एक चूक होते, आणि ती हिंदीची नाही, आपली आहे. मराठीत अकारान्त शब्दातला उपान्त्य इकार-उकार आपण दीर्घ उच्चारतो : फूल, बीळ, जमीन. तीच सवय इंग्रजीला लागते आणि 'शिप'चे 'शीप', 'बिट'चे 'बीट' आणि 'फुल' म्हणजे भरलेले याचे 'फूल' होते. ऱ्हस्व-दीर्घ आपण लिहितो नियमाने, पण बोलताना त्याने अर्थ बदलतो असे आपल्याकडे फार क्वचित घडते. होळकरांच्या दप्तरातले कागद ज्या मोडीत लिहिले गेले तिच्यात इकार-उकाराचा ऱ्हस्व-दीर्घ भेद लिहीतच नसत आणि कोणाचे काही अडत नसे. इंग्रजीत मात्र 'शिप' म्हणजे जहाज आणि 'शीप' म्हणजे मेंढी. त्यामुळे चौकटीत ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक झाली, तर तो केवळ शुद्धलेखनाचा दोष राहत नाही, दुसरा शब्दच छापला जातो.

इंग्रजीत सर्वांत जास्त वेळा येणारा स्वर कोणता, असे विचारले तर शिक्षकही गोंधळतात. तो म्हणजे आघात (उच्चारातला जोर) नसलेला, ओझरता 'अ', आणि त्याला स्वतःचे अक्षरच नाही. 'अबाउट'मध्ये तो 'ए'ने लिहितात, 'टेकन'मध्ये 'ई'ने, 'पेन्सिल'मध्ये 'आय'ने, 'लेमन'मध्ये 'ओ'ने, 'सर्कस'मध्ये 'यू'ने. मराठीत 'सर्कस' आणि 'डॉक्टर' हे शब्द ज्यांनी रूढ केले त्यांनी ते कानाने घेतले होते, म्हणून त्यांनी बरोबर 'अ' लिहिला, 'सर्कुस' किंवा 'डॉक्टोर' असे लिहिले नाही. आज आपण अक्षरांवरून शब्द घेतो आणि तेथे फसतो. शिवाय आघात सरकला की स्वरही बदलतो : 'फोटोग्राफ', पण 'फटॉग्रफी'. आपण सर्रास 'डेव्हलप' म्हणतो, वस्तुतः आघात दुसऱ्या अक्षरावर असल्यामुळे ते 'डिव्हेलप' आहे. आघात असलेले अक्षर ठळक छापले तर एवढी अडचण सहज दूर होईल.

देवनागरीने सगळेच साधते असा माझा दावा नाही. खाट या अर्थाचा 'कॉट' आणि 'कॅच'चे भूतकाळी रूप 'कॉट' यांतला फरक आपल्याला लिहून दाखवता येत नाही, तेथे 'पहिला आखूड, दुसरा लांब' असे शब्दांतच सांगावे लागते. आणि जसे लिहितो तसे वाचतो ही मराठीची बढाईही पूर्ण खरी नाही, 'चार' आणि 'चारा' यांतले 'च' आपण वेगवेगळे उच्चारतो, पण तो फरक आपणही मुलांना लिहून दाखवत नाही.

माझा आग्रह विलायती ढबीसाठी आहे, असा गैरसमज कृपया होऊ नये. 'गेट' आणि 'बोट' हे शब्द इंग्लंडात 'एइ', 'ओउ' असे ओढून म्हणतात, आपण सरळ 'ए', 'ओ' म्हणतो. स्कॉटलंडचे लोकही तसेच म्हणतात आणि त्यामुळे कोणाचा अर्थ चुकत नाही. 'क्लास', 'ग्लास', 'डान्स' यांत आपण दक्षिण इंग्लंडचा 'आ' घेतला, अमेरिकेत तेथे 'ॲ' आहे, दोन्ही ठीक आहेत. जेथे एका स्वराने शब्दच बदलतो, 'मॅन'चे 'मेन' होते, 'शिप'चे 'शीप' होते, 'हॉल'चे 'होल' होते, तेवढ्याच जागा आपण राखाव्यात.

म्हणून माझी विनंती अशी की, चौकटीतले उच्चार छापण्यापूर्वी मराठी वाचणाऱ्या एका माणसाने ते मोठ्याने वाचून पाहावेत, 'ॲ' आणि 'ऑ' यांचे अर्धचंद्र जेथे हवेत तेथे न चुकता द्यावेत आणि दहा सुट्या शब्दांऐवजी एका स्वराच्या पाच जोड्या द्याव्यात. 'पॅन-पेन', 'बॅड-बेड', 'सॅट-सेट' अशा जोड्या शेजारी आल्या की मूल आपणहून दोन्ही म्हणून पाहते. हिंदी कळफलकावर 'ॲ' सापडत नाही, ही अडचण मला एका मुद्रकांनी सांगितली. मराठी कळफलक निवडला की तो मिळतो, संगणकाच्या प्रमाणित संकेतांत त्याला २००८ सालापासून स्वतंत्र जागा आहे.

या पत्रासोबत चाळीस जोड्यांची हस्तलिखित यादी पाठवीत आहे, आघाताची अक्षरे तिच्यात अधोरेखित केली आहेत. ती जशी हवी तशी वापरावी, माझ्या नावाचा उल्लेख करण्याची गरज नाही. पहिल्या पाच जोड्या 'ॲ' आणि 'ए'च्या आहेत, आणि त्यांतली पहिली नातवाच्या सांगण्यावरून 'बॅग-बेग' अशी ठेवली आहे. इंग्रजीत ते दोन्ही शब्द आहेत, 'बेग' म्हणजे याचना करणे, हे त्याला मी नंतर सांगितले.

आपली नम्र,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षिका
लोकमान्यनगर, इंदूर